एका ड्यूमात पाच माणसं

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात कॅटलॉगिंग बघते. आमच्या नोंदी नव्या सॉफ्टवेअरमध्ये हलवायचं काम बाहेरच्या एजन्सीने केलं. त्यात काही लेखकांची पहिली नावं आणि जन्म-मृत्यूची सालं गळाली. त्याचा फटका किती मोठा आहे, ते एका संशोधक मुलीमुळे कळलं. ती रघूजी भोसल्यांच्या कर्नाटक मोहिमेवर काम करत होती. थेट आमच्या टेबलाशी येऊन म्हणाली, "मॅडम, मला पाँडिचेरीचा गव्हर्नर ड्यूमा हवाय, आणि इथे रसायनशास्त्र आणि कादंबऱ्या येतायत."

स्क्रीनवर नुसतं 'ड्यूमा' होतं आणि त्याखाली सगळ्यांची पुस्तकं. जुने कार्डांचे खण आम्ही मोडीत काढले नव्हते, हे नशीब. कार्डं घेऊन बसले.

गव्हर्नर बेनुआ ड्यूमा. 1740 मध्ये दामलचेरीच्या खिंडीत मराठ्यांनी अर्काटचा नवाब दोस्त अली याला मारलं आणि त्याचं कुटुंब पाँडिचेरीच्या आश्रयाला आलं. रघूजींनी खंडणी मागितली, नवाबाचा जावई चंदासाहेब याच्या बायकामुलांना हवाली करा म्हणून सांगितलं. ड्यूमाने दोन्ही नाकारलं. पुढे 1741 मध्ये चंदासाहेबाच्या ताब्यातली त्रिचनापल्ली पडली, चंदासाहेब कैद होऊन साताऱ्याला आला. हे सगळं ती मुलगी मला तिथेच उभ्या उभ्या सांगत होती.

रसायनशास्त्रज्ञ झाँ-बाप्तिस्त ड्यूमा (1800–1884) वेगळा काढणं सोपं गेलं. नमुना जाळून त्यातला नायट्रोजन मोजायची त्याची पद्धत धान्यातली प्रथिनं काढायला आजही वापरतात. रेशीमकिड्यांच्या रोगाचा छडा लावायला 1865 मध्ये पाश्चरला गळ घालणारा तो हाच.

खरा गुंता अलेक्झांद्रांचा. 'थ्री मस्केटिअर्स'वाला बाप 1802 चा, नाटककार मुलगा 1824 चा, दोघांचं नाव अक्षरशः एकच. इथे सालाशिवाय गत्यंतर नाही. त्यांच्या मागे आजोबा, जनरल ड्यूमा. त्यांचं चरित्र आमच्याकडे आहे, पण तेही कादंबरीकाराच्या नावाखाली जाऊन पडलं होतं.

जनरल 1762 मध्ये साँ-दोमँगमध्ये, म्हणजे आजच्या हैतीत, जन्मले. बाप फ्रेंच सरदार, आई मारी-सेसेत गुलामगिरीतली कृष्णवर्णीय स्त्री. 1786 मध्ये साधा शिपाई म्हणून फौजेत भरती होताना त्यांनी बापाचं घराणं बाजूला ठेवलं आणि आईचं आडनाव लावलं: ड्यूमा. सात वर्षांत ते जनरल झाले. पुढे नेपल्सच्या राज्यात कैदेत पडले, तब्येत खचली, 1806 मध्ये गेले. त्यांचा मुलगा अलेक्झांद्र, म्हणजे पुढचा कादंबरीकार, तेव्हा चार वर्षांचाही नव्हता. पुढे त्याने जगभर गाजवलेलं आडनाव त्या आजीचं होतं, आणि आमच्या अख्ख्या कॅटलॉगमध्ये तिचा उल्लेख नव्हता. मला ते फार लागलं.

संध्याकाळपर्यंत पाचही ड्यूमांची नावं सालांसकट सुटी झाली. मग जनरलच्या चरित्राला मी आणखी एक विषयशीर्षक, म्हणजे पुस्तक कुणाबद्दल आहे ते सांगणारी नोंद, दिलं: मारी-सेसेत ड्यूमा. पुस्तकात तिच्याबद्दल थोडंच आहे, त्यामुळे नियमाने ते द्यायची गरज नव्हती. तपासणीत वरिष्ठांनी विचारलंच, "हे कशाला?" मी म्हटलं, "सर, यातल्या तिघांचं आडनाव तिच्याकडून आलंय." त्यांनी नोंद पुन्हा वाचली आणि म्हणाले, "मग साल नाही तर निदान ठिकाण तरी टाका. नाहीतर पुढच्या वेळी हीपण कुणात तरी मिसळेल." मी साँ-दोमँग टाकलं.