बोपदेव घाटात बॉस्टनची तयारी

बॉस्टन मॅरेथॉन एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी असते. त्यामुळे तयारीतले सगळे लांब पल्ले येतात ते जानेवारी ते मार्च, ऐन बर्फात. मी बॉस्टनजवळ न्यूटनमध्ये राहते, आणि शर्यतीचा रस्ता आमच्याच गावातून जातो. शनिवारी सकाळी कॉमनवेल्थ अव्हेन्यूवर पारा शून्याच्या कितीही खाली असो, पळणाऱ्यांचे घोळके दिसणारच. कुणीतरी कडेला टेबल मांडून पाणी आणि संत्र्याच्या फोडी ठेवलेल्या असतात. टेबल कुठल्या ग्रुपचं, हे कुणी विचारत नाही. बाटली हातात धरली तर तिचं तोंड गोठतं, म्हणून ती जॅकेटच्या आत अंगाशी धरायची, हे मला तिथेच एका सत्तरीच्या बाईंनी दाखवलं.

यंदा जानेवारीत आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला यावं लागलं, तेही नेमकं पल्ले वाढवायच्या दिवसांत. घरात सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की आता हिचं पळणं बारगळलं. पण कोथरूडच्या मैत्रिणीने मला तिच्या रविवारच्या ग्रुपमध्ये नेलं, आणि त्या ग्रुपबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

पहाटे पाचच्या आत सगळे वारज्याला पुलाखाली जमतात. बँकेतून निवृत्त झालेले काका, दोन शाळेतल्या बाई, आयटीतली पोरं, एक डेंटिस्ट जोडपं. एकाचा भाऊ रिक्षा चालवतो. त्याची रिक्षा हीच आमची पाण्याची गाडी. मागच्या सीटवर लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याचा कॅन, केळी, खजूर आणि डब्यात गूळ-शेंगदाण्याची चिक्की. थंडीत दगड झालेली, पळताना खायच्या गोड जेलची पाकिटं दातांनी फोडायची सवय असलेल्या मला ती चिक्की म्हणजे चैन होती. दर चाळीसेक मिनिटांनी रिक्षा पुढे जाऊन थांबते आणि भाऊ प्रत्येकाला काहीतरी खायला लावतो, भूक असो वा नसो. ते बरोबरच आहे. शरीरात साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे पळताना जळणारी साखर, बहुतेकांचं 30 किलोमीटरच्या पुढे संपत येतं, आणि एकदा ते संपलं की मग खाऊन फारसा उपयोग होत नाही.

शिवणे, उत्तमनगर, कोंढवे-धावडे असा तो एनडीए रस्ता. अंधारात कुत्री अंगावर येतात, वाळूचे ट्रक जातात. एकट्या बाईने पहाटे या रस्त्यावर पळावं, असं आजही मी कुणाला सांगणार नाही. वीस जणांत मात्र कुत्रीही बाजूला होतात आणि ट्रकही जपून जातात. ग्रुपमधल्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, "आम्ही दोघी पळायला लागलो त्या ह्या ग्रुपमुळेच. नाहीतर घरून सोडलंच नसतं."

ग्रुपचा नियम एकच: वेग सगळ्यात हळू पळणाऱ्याचा, आणि त्याच्याही मागे दोघं जण. कुणी मधेच सुसाट सुटलं तर काका ओरडतात, "बोलता येतंय का? येत नसेल तर आवर!" मला हे मनापासून पटतं. बोलत बोलत पळता येतं त्या वेगात शरीर चरबी जास्त वापरतं, पाय दोन दिवसांत मोकळे होतात आणि पुढच्या आठवड्याचं पळणं बुडत नाही. रविवारचा पल्ला शर्यतीसारखा पळून मंगळवारी लंगडणारे मी दोन्ही देशांत पाहिलेत. घड्याळातला आकडा लगेच सगळ्यांना दाखवायचा असतो म्हणून हे होतं, आणि त्यातूनच माणसं पळणं सोडतात. याचं मला फार वाईट वाटतं.

आता पुण्याजवळच्या बोपदेव घाटाची गोष्ट. बॉस्टनबद्दल सगळे बोलतात ते न्यूटनच्या चार चढांबद्दल, त्यातही शेवटच्या हार्टब्रेक हिलबद्दल. तो येतो 32 किलोमीटरच्या पुढे. मीही चढाचाच सराव धरून बसले होते. काकांनी मात्र शर्यतीचा चढ-उताराचा नकाशा मोबाइलवर मोठा करून बघितला आणि म्हणाले, "अगं, तू चढाची काळजी करतेस. पण तुझ्या मांड्या आधी उतारच खाणार." खरंच आहे ते. शर्यत हॉपकिंटनला साधारण 150 मीटर उंचीवर सुरू होते आणि पहिले काही किलोमीटर उतरतच जाते. उतारावर मांडीच्या पुढच्या स्नायूला ताणलेलं असतानाच वजन पेलावं लागतं, तिथे तो झिजतो, आणि चढ येईपर्यंत पाय संपलेले असतात.

मग पुढच्या रविवारचा बेत अख्ख्या ग्रुपने माझ्यासाठी बदलला. गाड्या बोपदेव घाटाच्या माथ्यावर लावल्या. चमकती जॅकेटं घालून, एकामागे एक, उजाडायच्या आत घाट उतरलो. पावलं लहान, टाच आपटायची नाही, अंग मागे रेलायचं नाही. खाली येवलेवाडीच्या बाजूला सपाटीवर फेऱ्या मारल्या, आणि शेवटी थकलेल्या पायांनी तोच घाट परत चढून गाड्यांपाशी आलो. उतार, सपाटी, चढ, हाच बॉस्टनचा क्रम. त्यानंतर दोन दिवस आईच्या खोलीत जायचा जिना मी कठडा धरून उतरत होते. पण पुन्हा तोच बेत झाला तेव्हा पाय कितीतरी कमी दुखले. स्नायू उतार शिकतात, आणि ते नुसत्या चढाने होत नाही.

बाकी मागे उरलेला सराव न्यूटनलाच होईल. शेवटचा 32 किलोमीटरचा पल्ला शर्यतीच्या तीन आठवडे आधी, मग हळूहळू कमी करत जायचं. ग्रुपने माझा बिब नंबर, म्हणजे शर्यतीत छातीवर लावायचा नंबर, आधीच मागून ठेवलाय, फोनवर ट्रॅक करायला. बॉस्टनला सकाळी दहा वाजतात तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेसात. म्हणजे मी हार्टब्रेक हिलवर पोचेन तेव्हा इथे रात्रीचे अकरा वाजून गेले असतील. काका म्हणाले, "जागे आहोत आम्ही. तू फक्त उतारावर आवर."