चार किलो दूध आणि तासाला एक बस

कोथरूडला आईच्या घरासमोर सकाळी नवाच्या सुमारास भाजीची हातगाडी उभी राहते आणि गॅलरीतून दोरीची पिशवी खाली सोडली की पाव किलो गवार व कोथिंबिरीची जुडी वर येते. भाजी आणायला वाहन लागते, हे त्यामुळे मला ओहायोत येईपर्यंत ठाऊकच नव्हते.

इथे आमच्या वस्तीपासून किराणामालाचे मोठे दुकान पाच मैलांवर आहे. अमेरिकेचे कृषी खाते कमी उत्पन्नाच्या वस्त्यांचा विचार करताना सुपरमार्केट शहरात एक मैलापेक्षा आणि खेड्यात दहा मैलांपेक्षा दूर असेल, तर ते पोहोचण्यास अवघड मानते. एक मैल म्हणजे जेमतेम १६०० मीटर! पुणेकराला हसू येईल. पण कडेवर मूल, रस्त्यावर बर्फ आणि पदपथाचा पत्ता नाही, अशा वेळी ते अंतर वेगळेच भासते.

शेजारी दोन लहान मुलांची आई एकटी राहते. तिच्या गाडीचा गिअरबॉक्स गेल्यापासून ती बसने जाते. एका शनिवारी मीही सोबत गेले. बस तासाला एक, त्यात चढण्यापूर्वी बाबागाडीची घडी करावी लागते, म्हणजे बाळ एका हातात आणि गाडी दुसऱ्या. दुकानात तिने कलिंगड उचलून पाहिले आणि परत ठेवले. बटाट्यांच्या पोत्याकडे तर पाहिलेही नाही. दुधाचा गॅलन मात्र घ्यावाच लागला, आणि तो जवळपास चार किलोंचा. उरलेल्या हातात नूडल्सची पाकिटे व बिस्किटे मावली. सरकारी अन्नसाहाय्याच्या कार्डावर, ज्याला इथे 'स्नॅप' म्हणतात, गरम तयार पदार्थ मिळत नाहीत आणि घरपोच सेवेचे शुल्कही त्यातून भरता येत नाही. त्यामुळे दोन बसा बदलून घरी पोहोचल्यावर स्वयंपाक उरतोच. पुढच्या शनिवारपर्यंत दूध संपले, तर चौकातल्या पेट्रोल पंपावरचे दुकान, म्हणजे चिप्स आणि सोडा.

२०२३ मध्ये अमेरिकेतील १३.५ टक्के कुटुंबांना वर्षात कधी ना कधी पुरेशा अन्नाची खात्री नव्हती. मुले असलेल्या कुटुंबांत हे प्रमाण १७.९ टक्के होते. याचे मुख्य कारण उत्पन्न हेच आहे, बस नव्हे. परंतु हातात पैसे असूनही कलिंगड परत ठेवावे लागते, ते बसमुळे.

हे सारे फोनवर सांगितले, तेव्हा आईने विचारले, "अगं, मग तिकडे हातगाड्या का येत नाहीत?" घरे इतकी विखुरलेली की गाडी ढकलणाऱ्याला दिवसभरात दहा गिऱ्हाइके मिळायची नाहीत, असे मी म्हणाले. मग तिनेच आमच्या कामाच्या मावशींचा विषय काढला. त्यांचे घर पाडून शहराच्या कडेला नव्या इमारतीत खोली मिळाली, पण रेशनचे दुकान जुन्याच ठिकाणी राहिले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे माणशी ५ किलो, चौघांचे २० किलो. धान्य फुकट, अंगठा लावायला स्वतः जायचे, आणि पोते घेऊन पीएमटीत चढणे शक्य नाही म्हणून रिक्षाचे दीडशे रुपये.

"दुकान बदलून घ्या की, आता कुठेही मिळतं," असे आईने मावशींना सुचवले होते.

"विचारलं ना काकू. नव्या घराजवळचा दुकानदार म्हणतो, माझ्या जुन्या गिऱ्हाइकांनाच माल पुरत नाही."