उरलेले ४९ ग्रॅम

गेल्या जुलैतली गोष्ट. लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात आमची मायक्रोब्रुअरी, म्हणजे बीअर बनवायचा छोटा कारखाना, आहे. मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी झाल्यावर मी तिथे शिकाऊ ब्रुअर म्हणून लागले. नोकरी सांभाळून इन्स्टिट्यूट ऑफ ब्रुइंग अँड डिस्टिलिंगच्या परीक्षेचा अभ्यास चालला होता, तोही बराचसा डोंबिवली ते करी रोडच्या लोकलमध्ये, उभ्याने.

त्या अभ्यासातलं पहिलं समीकरण, साखर आंबण्याचं, मला कॉलेजपासून पाठ होतं. ग्लुकोजच्या एका रेणूपासून अल्कोहोलचे दोन रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन. वजनात मांडलं तर १०० ग्रॅम साखरेपासून ५१ ग्रॅम अल्कोहोल आणि ४९ ग्रॅम वायू. आम्हा सगळ्यांचं लक्ष असतं ते ५१ ग्रॅमकडे. गिऱ्हाईक पैसे मोजतं त्याचे, सरकार शुल्क घेतं त्याच्यावर, आणि परीक्षेतली गणितंही बहुतेक त्याचीच. उरलेले ४९ ग्रॅम मी समीकरणात बाण काढून वर सोडून द्यायचे.

आमची फरमेंटरची, म्हणजे बीअर आंबवायच्या टाक्यांची, खोली रस्त्यापेक्षा पाच पायऱ्या खाली आहे. १,००० लिटरच्या चार टाक्या. प्रत्येक टाकीच्या डोक्यावरून एक नळी खाली येते आणि पाण्याच्या बादलीत बुडवलेली असते. यीस्ट, म्हणजे साखर आंबवणारे सूक्ष्मजीव, जोरात आले की बादलीत दिवसरात्र बुडबुड चालू. मला तो आवाज फार आवडायचा. रात्री निघताना एकदा डोकावून ऐकायचे आणि मगच स्टेशनची वाट धरायचे.

त्या शुक्रवारी दोन टाक्या एकाच वेळी ऐन जोरात होत्या. बुधवारीच यीस्ट घातलेलं. रात्रभर पाऊस कोसळत होता. एक्झॉस्ट फॅनच्या बटणाशी पाणी झिरपायला लागलं म्हणून वॉचमनने पंख्याचा मेन स्विच पाडला होता. आवारात पाणी तुंबून आत येऊ नये म्हणून वरची हवेची जाळीही बंद करून घेतली होती. दोन्ही गोष्टी त्याने विचार करूनच केल्या होत्या, आणि त्याच्या जागी मी असते तरी तेच केलं असतं. खोलीत वायू साठतो हे त्याला आमच्यापैकी कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

सकाळी साडेनऊला मी नमुना घ्यायला निघाले. हातात घनता मोजायचा हायड्रोमीटर आणि काचेचा सिलिंडर. मामा आधीच खाली गेले होते. मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने हेल्पर, मालवणकडचे, पंचावन्नच्या पुढचे. माल्टच्या गोण्या चढवणं, टाक्या धुणं, गाळून उरलेला चोथा तबेल्याच्या टेम्पोत भरणं, सगळं त्यांच्याकडे. नळीतून फेस आला होता म्हणून ते बादली बदलायला उतरले होते.

तिसऱ्या पायरीवर माझ्या नाकात झणझणलं. थंड सोड्याचा मोठा घोट घाईने घेतला की नाकाच्या मुळाशी जी कळ उठते, अगदी तशी. वास काहीच नाही, नुसती कळ. कार्बन डायऑक्साइड नाकातल्या ओलाव्यात विरघळला की त्याचं कार्बोनिक आम्ल होतं, त्याची ती बोच. मी तिथेच थांबले. समोर भिंतीवरच्या मीटरवर हिरवा दिवा. ऑक्सिजन २०.१.

मामा बादलीपाशी उकिडवे बसले होते. एक हात टाकीच्या पायावर, मान खाली. चार मजले चढून आल्यासारखा श्वास चालला होता.

पुढचं सगळं काही सेकंदांत घडलं असणार, पण मला ते फार लांब आठवतं. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के. तो २०.१ झाला म्हणजे ०.८ ने घटला. पण दुसरा वायू आत शिरतो तेव्हा तो एकट्या ऑक्सिजनला नाही, सगळ्या हवेलाच बाजूला सारतो. म्हणून ऑक्सिजन एका टक्क्याने उतरायला जवळजवळ ५ टक्के वायू आत यावा लागतो. ०.८ म्हणजे ४ टक्क्यांच्या आसपास. कार्बन डायऑक्साइडसाठी ४ टक्के हीच जिवाला तात्काळ धोका असल्याची मर्यादा मानतात. आणि मीटर होता छातीच्या उंचीवर. हा वायू हवेच्या दीडपट जड. मामांचं तोंड होतं जमिनीपासून दोन फुटांवर.

पाय आपोआप पुढे निघाला होता. शेजारच्या रेलिंगला घट्ट धरून मी तो मागे घेतला. मुंबईत गटार साफ करायला उतरलेल्या माणसांच्या बातम्या दरवर्षी वाचतो आपण. एक पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. आत न जाणं हेच बरोबर होतं, आणि आजवर मी केलेलं सगळ्यात अवघड काम तेच. मी जिवाच्या आकांताने ओरडले, "मामा, उठा! आधी उभे राहा, आणि वर या!"

त्यांनी मान वर केली. "काय नाय ओ ताई, जरा दम लागलो."

"बादली सोडा! आत्ताच्या आत्ता वर या!"

ते टाकीला धरून उठले. उभं राहिल्यावर त्यांना थोडी बरी हवा मिळाली असावी, कारण पायरीपर्यंत ते स्वतःच्या पायांनी आले. दुसऱ्या पायरीवर गुडघा वाकला तेव्हा मी वरून मनगट पकडलं. तोवर आमचे हेड ब्रुअर, ज्यांना सगळे सर म्हणतात, धावत आले होते. आम्ही दोघांनी मामांना ओढून पावसात आणलं, उघड्यावर. ओठ सुकलेले, डोकं ठणकत होतं, हाताला कंप. सरांनी जाळी उघडली आणि बारमधला मोठा पंखा दारात आणून लावला. मी मामांना टॅक्सीत घालून इस्पितळात नेलं. तिथे ऑक्सिजन लावला, दुपारपर्यंत नजरेखाली ठेवलं आणि संध्याकाळी घरी सोडलं.

इस्पितळाच्या बाकावर बसून मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. ५ टक्के अल्कोहोलची १,००० लिटर बीअर तयार होताना साधारण ३८ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. मुंबईच्या उकाड्यात त्याचं आकारमान जवळपास २१,००० लिटर. बीअरच्या वीस पट! यातला मोठा वाटा यीस्ट ऐन जोरात असताना पहिल्या दोन-तीन दिवसांत निघतो. आणि आमच्या तर दोन टाक्या होत्या, बंद खोलीत. मला आवडणारी ती बुडबुड म्हणजे हेच होतं.

दुसऱ्या दिवशी मालक म्हणाले, "मीटर तर हिरवा होता, मग गॅस कसला?" त्यांचा दोष नाही. ज्या सल्लागाराने मीटर बसवला त्याने ऑक्सिजनचा बसवला, अलार्म १९.५ वर. मी तोच वहीतला हिशेब त्यांच्यापुढे ठेवला. १९.५ ला घंटा वाजेपर्यंत खोलीत साडेसहा टक्क्यांच्या वर कार्बन डायऑक्साइड झालेला असतो. नायट्रोजनसारख्या वायूला हा मीटर पुरतो, कारण तिथे जीव जातो तो ऑक्सिजनच्या कमतरतेने. कार्बन डायऑक्साइड मात्र ऑक्सिजन पुरेसा असतानाही स्वतःच विषारी ठरतो. ते पान त्यांनी दोनदा वाचलं आणि फोन उचलला.

मामा सोमवारी कामावर आले. चहा पिताना म्हणाले, गावाला विहिरीतला गाळ काढायच्या आधी आत कंदील सोडतात, विझला तर उतरायचं नाही. इथेही तसंच करूया का? मला त्यांना नुसतं नाही म्हणायचं नव्हतं. त्याच दिवशी एक टाकी रिकामी झाली होती. झाकण उघडून आम्ही तारेला बांधलेली मेणबत्ती आत सोडली. काठाच्या वीतभर खाली गेली आणि फट्कन विझली, कोणी चिमटीत धरल्यासारखी. जोसेफ प्रीस्टली १७६७ मध्ये लीड्सला दारूच्या कारखान्याशेजारी राहायला गेला, तेव्हा आंबणाऱ्या पिंपांवर त्याने हाच प्रयोग केला होता आणि त्याच वायूपासून पुढे सोडावॉटर बनवलं. हे सांगितल्यावर मामांना कौतुक वाटलं. मग मी म्हटलं, मामा, ज्योत विझायला ऑक्सिजन साधारण १७ टक्क्यांपर्यंत उतरावा लागतो. शुक्रवारी तुमच्याजवळ कंदील असता, तर तो जळतच राहिला असता.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. विझलेली मेणबत्ती हातात फिरवत राहिले.

आता खोलीत कार्बन डायऑक्साइडचा वेगळा मीटर आहे, गुडघ्याच्या उंचीवर, आणि त्याचा आकडा दाखवणारी पाटी दाराबाहेर. ०.५ टक्क्याला पिवळा दिवा लागतो, ३ ला भोंगा वाजतो. टाक्यांच्या नळ्या बादलीतून पुढे एका पाइपला जोडून थेट छपरावर काढल्यात. पंख्याला वेगळी, कोरड्या भिंतीवरून आणलेली लाइन आहे. वॉचमनला सगळं मीच समजावलं, मराठीत आणि मोडक्यातोडक्या भोजपुरीत.

परवा पुन्हा तसाच पाऊस होता. मामा बादली घेऊन दाराशी आले, थांबले, वाकून पाटीवरचा आकडा मोठ्याने वाचला, "शून्य पॉइंट तीन." मग मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, तेव्हा ते उतरले.