जिंगहोंगमधला मोरनाच
आज जिंगहोंगमध्ये (चीनचा युन्नान प्रांत) दाई लोकांचा (तिथला एक वांशिक समाज) मोरनाच अगदी समोर बसून बघितला, अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीये. अंगठा न् तर्जनी जुळवून बाकीची तीन बोटं पसरली की मोराचं डोकं आणि तुरा तयार, मग मनगट नुसतं जरासं वळलं तरी मोर मागे वळून बघतोय असंच वाटतं! साथीला हत्तीच्या पायासारखा लांब ढोल आणि झांजा. पूर्वी पुरुषच नाचायचे, अंगाला बांबूच्या सांगाड्याचे पंख बांधून. दाई लोक थेरवादी बौद्ध, आणि त्यांच्या मोरकन्येच्या गोष्टीचं मूळ आपल्याकडच्या राजपुत्र सुधन आणि किन्नरी मनोहरेच्या जुन्या बौद्ध कथेत आहे हे कळल्यावर तर अंगावर काटाच आला. शेजारचे एक आजोबा मांडीवर बोटांनी ठेका धरत होते, नजर मात्र नाचणारीच्या मनगटावर.