घाट बंद, काटा चालू

चतुर्थीला आठ दिवस राहिले होते. संध्याकाळी साडेसहाला ड्रायव्हरचा कानडीत फोन आला, "मॅडम, घाट बंद आगेदरी." चोर्ल्यात दरड कोसळली होती आणि चारला गोव्याला निघालेल्या आमच्या दोन गाड्या कणकुंबीला अडकल्या होत्या. इकडे कडोलीच्या खरेदी सेंटरवर वजनाचा काटा चालूच होता. ढबू, बिन्स, कोबी. क्रेटवर क्रेट चढत होते आणि रस्त्यात अजून सात-आठ टेम्पो रांगेत उभे होते.

आमची कंपनी बेळगाव भागातली भाजी गोव्यातल्या हॉटेलांना पुरवते. बाजारात भाव कळतो तो माल उतरल्यावर. आम्ही तो आदल्या रात्री मोबाईलवर कळवायचो आणि दोन दिवसांत पैसे खात्यावर टाकायचो. मी रुजू झाले तेव्हा चाळीस शेतकरी होते, दीड वर्षात साडेतीनशे झाले. त्यातल्या कितीतरी घरांत मी स्वतः जाऊन, चहा पिऊन, शब्द देऊन आलेली आहे. त्या महिन्यात तर बेंगळुरूच्या ऑफिसातून सांगणं होतं की नवे गुंतवणूकदार आकडे बघणार आहेत, खरेदी दुप्पट दिसली पाहिजे. म्हणून मीच गावोगाव सांगितलं होतं, जेवढं आणाल तेवढं घेतो.

आता बेंगळुरूहून फोन आला, "उरलेला माल क्वालिटीत रिजेक्ट दाखवा. शर्तींत तशी तरतूद आहे."

तरतूद होती. शर्ती इंग्रजीत होत्या आणि मोबाईलवर 'ओके' दाबा म्हणून प्रत्येक शेतकऱ्याला मीच सांगितलं होतं.

मी काटा थांबवायला लावला. पाच मिनिटं तरी तशीच उभी होते. रांगेत माझ्या आजोळचे एक मामा होते. ते टेम्पोतून उतरून आले, "काय गे पोरी, काटा का थांबला? माल चांगला आहे की." माल खरंच चांगला होता. त्यांच्या बिन्स हातात घेतल्या तर काडकन मोडत होत्या. त्यांना खराब म्हणायला माझी जीभ वळेना.

काटा चालू करायला सांगितला आणि मग कुणालाच विचारलं नाही. कणकुंबीच्या गाड्या मागे फिरवून जांबोटी, खानापूर, रामनगरवरून अनमोड घाटाने पाठवल्या. कोबी तग धरतो, तो सेंटरवरच ठेवला. बिन्स थांबत नाहीत. त्या रातोरात कोल्हापूरच्या मार्केटला आणि थोड्या बेळगावच्या यार्डात, मिळेल त्या भावाला. पहाटे तीनपर्यंत फोनवर होते. गोव्याच्या गाड्या उशिरा पोचल्या, दोन हॉटेलांनी माल परत केला. एकूण फटका एक लाख ऐंशी हजारांचा.

दुसऱ्या दिवशी संस्थापकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शेतकऱ्यांचे पैसे द्या. पुढच्या वेळी आधी मला विचारा." आणि पुढच्याच महिन्यात खानापूर भागाची सगळी जबाबदारी माझ्यावर दिली.

सत्तावीस वर्षांच्या मुलीला दुसऱ्या कुठल्या नोकरीत हे मिळालं असतं? बाबा उद्यमबागेतल्या फाउंड्रीत एकतीस वर्षं होते. लेथचं टूल बदलायलाही त्यांना सुपरवायझरची सही लागायची. पण निवृत्त झाले तेव्हा ग्रॅच्युइटी एकरकमी आली आणि तिच्यातून घराचा वरचा मजला उभा राहिला. माझ्याकडे ईसॉपचं, म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीला घ्यायच्या हक्काचं, पत्र आहे. शेअर चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळणार, पहिलं वर्ष भरल्याशिवाय काहीच नाही. मी ते घेईन तेव्हाची किंमत आणि मी भरलेली किंमत यातला फरक पगार धरून त्यावर कर लागतो, मग ते शेअर विकत घ्यायला कुणी असो वा नसो. हे पुण्यातली जास्त पगाराची नोकरी सोडताना मला ठाऊक होतं, त्याबद्दल तक्रार नाही. रात्रीची झोप गेली, त्याचीही फारशी नाही.

लागलं ते पुढचं. दिवाळीच्या सुमारास मोबाईलवर मेसेज आला: यापुढे पैसे सात दिवसांनी जमा होतील. वेगाने वाढायला रोकड हातात लागते, हिशेब म्हणून मला तो समजतो. पण तो मेसेज मला आणि शेतकऱ्यांना एकाच मिनिटाला आला. ज्या दोन दिवसांच्या भरवशावर मी घरोघर बसले होते, तो मोडताना मला कुणी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी मामा आले. क्रेट उतरवताना एवढंच म्हणाले, "आठवड्यानं न्हवं? बरं. तू हाईस की."

मी अजून इथेच आहे. काट्याच्या पावतीवर कंपनीच्या शिक्क्याखाली आता मी सही करते, पैशांची तारीख घालते आणि माझा स्वतःचा नंबर लिहिते. आठव्या दिवशी सकाळी सातपासून फोन सुरू होतात.