भांडुप ते करी रोड, एक महिना

रविवार, रात्री

वहीतलं पहिलं ध्येय आज बदललं. ‘न अडखळता बोलायचं’ याच्या जागी लिहिलं, ‘मनात आलेला शब्दच बोलायचा, त्याच्याऐवजी दुसरा सोपा शब्द घ्यायचा नाही.’ अडखळणं मला ठरवून थांबवता येत नाही. शब्द न बदलणं मात्र माझ्या हातात आहे, आणि रात्री वहीत त्याचा हिशेबही मांडता येतो.

माझा ‘क’ अडतो. जिभेचा मागचा भाग टाळूला घट्ट टेकतो, मागे हवा कोंडते, आणि आवाजच फुटत नाही. मान आपोआप पुढे जाते, डोळे मिटतात. समोरच्याला वाटतं, हिला शब्द सुचत नाहीये. शब्द तर केव्हाचा तयार असतो! त्यात माझं नाव ‘क’वरून आणि ऑफिस करी रोडला. नावाला पर्यायी शब्द नसतो, म्हणून ओळख करून देताना बहुतेक अडखळणाऱ्यांची सर्वांत जास्त कोंडी होते. स्टेशनला मात्र पर्याय असतो. कित्येक वर्षं मी सरळ ‘सीएसटी’चा पास काढत आले. ‘स’ सुटतो.

आता तर मोबाईलवर पास निघतो, स्टेशनवर मशीन आहे, जेवण ॲपवरून येतं. ज्याला बोलणं टाळायचंय त्याला मुंबईत महिनेच्या महिने तोंड न उघडता काढता येतात. म्हणूनच मी ठरवलं होतं की या वेळचा पास खिडकीवरच काढायचा, आणि तोही करी रोडचा.

शुक्रवारी संध्याकाळी रांगेत उभी राहिले. नंबर आला. ‘भांडुप’ गेलं नीट, पुढे ‘क’ बसला. खिडकीतले काका म्हणाले, “कुर्ला?” मी मान हलवली. “कल्याण?” “नाही,” म्हटलं. मागून कुणीतरी चुकचुकलं. पूर्वी याच क्षणी मी ‘सीएसटी’ म्हणून मोकळी झाले असते. या वेळी जीभ जिथे अडली होती तिथेच थोडी सैल सोडली, आणि “क...करी रोड” बाहेर आलं. काकांनी टाइप करायला घेतलंसुद्धा. तरी मी क्षणभर थांबून पुन्हा म्हटलं, “करी रोड. एक महिना, सेकंड क्लास.” दुसऱ्यांदा म्हटलं ते फक्त माझ्यासाठी.

हे थांबून पुन्हा म्हणणं वाचाउपचारात जुनं आहे. चार्ल्स व्हॅन रायपर या अमेरिकी तज्ज्ञांनी ते रुजवलं. ते स्वतःही अडखळत असत. अडलेला शब्द कसाबसा संपवून पुढे पळायचं नाही. थांबायचं, तोच शब्द हलक्या स्पर्शाने पुन्हा घ्यायचा. मग अडलेल्या शब्दातूनच बाहेर पडायला शिकायचं, आणि पुढे शब्द यायच्या आधीच जीभ सैल ठेवायला. मुद्दाम अडखळण्याचाही सराव असतो. तो मला सर्वांत अवघड गेला, पण लपवण्याची धडपड त्यानेच कमी केली. वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून अली यावर जंग संस्था आहे, वाणी आणि श्रवणासाठीची राष्ट्रीय संस्था. उपचार असतात हेच आपल्याकडे कित्येक घरांना माहीत नसतं. तोंडात गोट्या धरून बोलायला लावतात, मुलाला ‘सावकाश बोल’ म्हणून दटावतात. हे बंद व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. अडखळणं बहुधा दोन ते पाच या वयात सुरू होतं आणि बहुतेक मुलांचं सुटतं. मोठ्यांमध्ये साधारण शंभरात एकाचं राहतं. ज्यांचं राहतं त्यांच्यात काही कमी असतं असं नाही.

गणपतीत आरतीला मी एकदाही अडत नाही. सगळ्यांबरोबर म्हणताना किंवा गाताना अडखळणारी माणसंही सहसा सुरळीत म्हणतात. म्हणजे माझी जीभ, माझा गळा धडधाकट आहे. हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं.

घरातलं ध्येय वेगळं होतं, ते बाबांशी बोलण्याचं. मी अडले की बाबा माझं वाक्य पूर्ण करतात, अगदी लहानपणापासून. मायेनेच करतात. काल चहाच्या वेळी म्हटलं, “बाबा, मी अडले तरी थांबा. माझं वाक्य मला पूर्ण करू द्या.” तेवढं बोलतानाही दोनदा अडले. बाबा ओठ घट्ट मिटून बसले होते, मदत न करणं त्यांना किती जड जातंय ते दिसत होतं. माझं झाल्यावर म्हणाले, “तुला त्रास होतो तो बघवत नाही गं.” मी म्हटलं, “त्रास होतो तो मला मध्येच तोडल्यावर.” मग बराच वेळ आम्ही बोलत बसलो. शाळेतल्या हजेरीबद्दल त्यांना मी पहिल्यांदाच सांगितलं.

पुढच्या रविवारी सोसायटीची सर्वसाधारण सभा आहे. पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीबद्दल मला बोलायचंय. कंत्राटदार, कोटेशन, कमिटी, सगळे शब्द ‘क’चेच. कागदावर मुद्दे लिहिलेत, एकही शब्द बदललेला नाही. सुरुवातीलाच सांगणार आहे की मी अडखळते, थोडा वेळ लागेल, पण तीन मुद्दे आहेत आणि तिन्ही पूर्ण ऐका.