फ्रान्स एलेगॉर संग्रह, नोंद चौथी : तबकडीचा वेग आणि माझी घाई

मागील नोंदीत मी मोठ्या ऐटीत एक विधान केले होते, ते आज मागे घेत आहे. डॅनिश पियानोवादक फ्रान्स एलेगॉर यांची माझ्याकडे असलेली एकमेव लाखेची ग्रामोफोन तबकडी ऐकून मी असे लिहिले होते की, या बाईंच्या वादनात एक प्रकारची धाव आहे आणि सायकल शर्यतीतील जगज्जेत्याच्या कन्येला ती शोभून दिसते. वाक्य मला इतके आवडले होते की ते तपासून पाहावे असे वाटलेच नाही. ती धाव वादनात नव्हतीच. माझ्या टर्नटेबलाचा वेग चुकला होता.

चूक लक्षात आली ती योगायोगाने. तबकडीवरून संगणकात घेतलेली फाइल चालू असताना शेजारच्या खोलीत मुलगी कीबोर्डवर त्याच रचनेतला एक स्वर दाबून पाहत होती आणि दोन्ही सूर एकमेकांशी भांडत होते. सूरमापकावर पाहिले तेव्हा जो ‘ए’ स्वर ४४० च्या आसपास हवा होता, तो ४६२ हर्ट्झ दाखवत होता. त्या काळी युरोपात पियानोचा मूळ सूर गावोगावी थोडा वरखाली असे हे मान्य केले, तरी एवढा फरक त्यात बसत नाही. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जागी ८२ फेऱ्या होत असतील, तर सूर सुमारे ८७ सेंट (शंभर सेंट म्हणजे अर्धा स्वर), म्हणजे जवळजवळ अर्धा स्वर, वर चढतो; हिशेब तंतोतंत जुळला. वेग कमीजास्त करण्याची दांडी कधीतरी धक्का लागून सरकली असावी आणि मी ती पाहिली नव्हती.

आता पद्धत बदलली आहे. पन्नास हर्ट्झच्या विजेवर ७७ रेघांची स्ट्रोब चकती, म्हणजे लुकलुकत्या दिव्याखाली वेग तपासण्याची चकती, लागते आणि ती स्थिर दिसली की वेग ७७.९२ आहे असे समजावे. माझ्या खोलीतील एलईडी दिव्याखाली रेघा कधीच स्थिर होत नव्हत्या, कारण त्या दिव्याला विजेच्या लयीत लुकलुकणे नसते. जुन्या इस्त्रीच्या खोक्यातून काढलेला एक छोटा नियॉन दिवा जोडला आणि रेघा जागच्या जागी उभ्या राहिल्या. तबकडी पुन्हा वाजवली. आधी बरोबर तीन मिनिटांची असलेली बाजू आता तीन मिनिटे नऊ सेकंदांची झाली. ही नऊ सेकंदे कुठे गेली होती ते ऐकताना कळते. वाक्यांच्या शेवटी त्या किंचित थांबतात, डाव्या हाताचा खालचा स्वर पूर्ण विरू देतात आणि मगच पुढचे वाक्य उचलतात. मी ज्याला धाव म्हणत होतो, त्यात हे सगळे थांबे चिरडले गेले होते.

शिवाय माझी उपमा मुळातच कच्ची होती. वडील थोरवाल्ड एलेगॉर हे डेन्मार्कच्या फ्यून बेटावरील फांगेल गावचे सायकलपटू. व्यावसायिक स्प्रिंट शर्यतीचे जगज्जेतेपद त्यांनी सहा वेळा जिंकले : १९०१, १९०२, १९०३, १९०६, १९०८ आणि १९११. त्यांपैकी १९०३ ची स्पर्धा कोपनहेगनलाच झाली होती. ट्रॅकवरील स्प्रिंट हा प्रकार ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल की त्यात बहुतांश वेळ कोणीही धावत नाही. दोघे स्वार एकमेकांवर नजर ठेवून जवळपास रांगत असतात, प्रतिस्पर्ध्याला पुढे जायला भाग पाडतात आणि खरा जोर अखेरच्या दोनशे मीटरसाठी राखून ठेवतात. वडिलांचा वारसा शोधायचाच असेल, तर तो या राखून ठेवण्यात शोधायला हवा होता. (तरीही असे वारसे शोधणे हा आपल्या छंदातला आवडता दोष आहे, हे मी मान्य करतो.)

सनावळीचे काम मात्र यथातथा पुढे सरकले आहे. वहीत मी चार रकाने आखले आहेत : पॅरिस, डेन्मार्क, स्वीडन आणि फिनलंड. पहिला रकाना त्यातल्या त्यात भरलेला आहे. वडील शर्यतींच्या निमित्ताने पॅरिसमध्ये राहत असल्याने फ्रान्स यांचा जन्म तिथेच १० ऑक्टोबर १९१३ रोजी झाला आणि वयाच्या नवव्या वर्षी त्या पॅरिसच्या कॉन्झर्वेतोआर या संगीत विद्यालयात दाखल झाल्या. ही संस्था तेव्हा रू द माद्रिदवर होती आणि मुलींचे व मुलांचे पियानोवर्ग वेगळे भरत. वर्षाअखेरीस परीक्षकमंडळासमोर सर्वांना एकच नेमलेली रचना वाजवावी लागे. मोत्यांच्या सरीसारखे सुटे, हलके बोटकाम हा त्या परंपरेचा अभिमान होता. माझ्या तबकडीवरील वरच्या सप्तकातल्या ताना ऐकताना ती मोत्यांची उपमा मला पहिल्यांदा नीट समजली, कारण पृष्ठभागाच्या खरखरीतूनही प्रत्येक स्वर वेगळा मोजता येतो.

किशोरवयातच त्यांनी कोपनहेगनमध्ये पदार्पण केले आणि पुढे युरोपभर मैफली केल्या. जन्म परदेशात आणि शिक्षण फ्रेंच असूनही डॅनिश श्रोत्यांनी त्यांना आपलेच मानले. एप्रिल १९४० मध्ये जर्मन सैन्य डेन्मार्कमध्ये घुसले आणि युद्धाच्या त्या वर्षांत त्या स्वीडनला गेल्या. तिसऱ्या रकान्याला सध्या एवढ्याच ओळीचा आधार आहे आणि तो मला सारखा खुपतो. चौथा रकाना पुन्हा भरभरून आहे. १९४९ मध्ये फिनलंडचे चित्रकार बिर्गर कार्लस्टेट यांच्याशी विवाह करून त्या तिकडे स्थायिक झाल्या. कार्लस्टेट हे त्या देशात अमूर्त चित्रकला रुजवणाऱ्या पहिल्या कलावंतांपैकी एक. हेलसिंकीतील ‘ल शा दोरे’ या कॅफेची १९२९ मधील आधुनिक सजावट त्यांचीच. हे दांपत्य एस्पो येथील मातलिडेन या घरात राहत असे. एलेगॉर यांनी पुढे हेलसिंकीच्या सिबेलिउस अकादमी या संगीत संस्थेत अध्यापन केले आणि १९९९ मध्ये त्यांचे निधन झाले.

शोध घेणाऱ्यांसाठी एक व्यवहार्य सूचना. या नावाचा शेवट तत्त्वज्ञ किर्केगार्द यांच्या नावासारखाच आहे आणि डॅनिश लोक तो ‘गॉर’च्या जवळ उच्चारतात. १९४८ च्या लेखनसुधारणेनंतर डॅनिशमध्ये जोड ‘आ’ऐवजी (aa) वर गोल असलेले एकच अक्षर (å) आले, त्यामुळे काही सूच्यांत हे नाव नव्या लेखनाने आढळते. विवाहानंतरच्या फिनिश नोंदींत कार्लस्टेट हे आडनावही शोधावे लागते. आणि नुसते पहिले नाव टाकले, तर अर्थातच एक आख्खा देश समोर येतो. त्या ढिगाऱ्यात माझी एक संध्याकाळ गेली.

तबकडीच्या प्रकृतीविषयी थोडे. कडेला नखाएवढा टवका आहे, मात्र तो आवाज कोरलेल्या खाचेपर्यंत पोहोचलेला नाही. साफसफाईसाठी मी ऊर्ध्वपातित पाणी आणि दोन थेंब सौम्य साबण वापरला, लेबलावर प्लास्टिकची चकती धरून. स्पिरिटला कोणीही हात लावू नये. लाख त्यात विरघळते आणि मग तबकडी कायमची जाते. एलपीची बारीक सुई काढून तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बसवली, कारण बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी घासत राहते. शेवटी डावा व उजवा असे दोन्ही प्रवाह एकत्र करून एकच केला, त्यामुळे खाचेच्या उभ्या हालचालीतून येणारी बरीच खरखर आपोआप कमी झाली. संगणकीय सफाई जाणूनबुजून केलेली नाही. जोराने खरखर काढली की वरच्या सप्तकातील ते सुटे मोतीही पुसले जातात, हे करून पाहिले आहे.

मागील नोंदीबरोबर दिलेली फाइल कोणी जपून ठेवली असेल, तर कृपया पुसून टाकावी. दुसऱ्या बाजूचा ‘ए’ आज सकाळी मोजला; तो ४३९ आला.